वनस्पतिजन्य नायट्रीकरण-रोधके

वनस्पतिजन्य नायट्रीकरण-रोधके म्हणजे जमिनीतील अमोनियमचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावणारी, काही वनस्पतींच्या मुळांत किंवा बियांत आढळणारी संयुगे होत. त्यांच्यामुळे पिकास नत्र अधिक काळ मिळते व नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचे उत्सर्जन घटू शकते.

प्रक्रिया

युरियात सुमारे ४६ टक्के नत्र असते. जमिनीत युरियापासून प्रथम अमोनियम तयार होते. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू त्याचे नायट्राइट आणि नायट्रोबॅक्टरसारखे जीवाणू पुढे नायट्रेट बनवतात. धनभारित अमोनियम मातीच्या ऋणभारित कणांना धरून राहते. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर झिरपून जाते. प्राणवायूरहित मातीत नायट्रेटाचे विनायट्रीकरण होऊन नायट्रोजन व नायट्रस ऑक्साइड हे वायू बाहेर पडतात. शंभर वर्षांच्या कालावधीत नायट्रस ऑक्साइडची तापनक्षमता समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट असते.

भातशेतीतील महत्त्व

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुका पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात मोडतो. रोवणीनंतर पावसाने ओढ दिल्यास बांधीतील माती सुकते, तिच्यात हवा शिरते आणि नायट्रेट तयार होते. बांधी पुन्हा भरली की विनायट्रीकरण सुरू होते. अशा रीतीने विकत घेतलेल्या खताचा काही अंश पिकास न मिळता हवेत जातो.

उदाहरणे

निंबोळीतील कडू द्रव्ये व करंजाच्या बियांतील करंजिन यांत हा गुण आहे. ज्वारीची मुळे सॉर्गोलिऑन स्रवतात. ब्रॅकिएरिया या चाऱ्याच्या गवताच्या मुळांतील ब्रॅकिआलॅक्टोन या रोधकाचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतातील वापर

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात निंबोळी पेंडीचा लेप दिलेल्या युरियाचे भातावर प्रयोग झाले. २०१५ मध्ये केंद्र शासनाने देशात तयार होणाऱ्या सर्व अनुदानित युरियास निंबतेलाचा लेप अनिवार्य केला. अनुदानित युरिया उद्योगांकडे वळू नये, हाही त्यामागील एक हेतू होता.

मर्यादा

रोधकांचा प्रभाव तात्पुरता असून तो तापमान, ओलावा व मातीचा प्रकार यांनुसार बदलतो. अमोनियम अधिक काळ टिकल्याने, विशेषतः विम्लधर्मी जमिनीत, अमोनिया वायूच्या रूपाने होणारी हानी वाढू शकते. पाणी साचलेल्या बांधीतून निघणाऱ्या मिथेनचा प्रश्नही केवळ निंबलेपाने सुटत नाही. त्यासाठी पाण्याचे नियोजन लागते. म्हणून निंबलेपित युरियाही योग्य मात्रेत आणि हप्त्याहप्त्याने देणे आवश्यक ठरते.