तुकड्यांचें चित्र

चित्राचे वेडेवांकडे तुकडे कापून तें पुन्हां जुळविण्याचा खेळ आमच्या बहुतेक वाचकांनीं खेळलेला असेल. त्यांतील एकच तुकडा हरवला, मग तो कोपऱ्यांतील निळ्या आभाळाचा कां असेना, कीं सारें घर तो शोधूं लागतें. या खेळावरून शिकण्याची एक पद्धति निघाली आहे. ती कां निघाली हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गोऱ्या व काळ्या मुलांच्या सरकारी शाळा कायद्यानें वेगळ्या ठेवणें अवैध होय, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं दिला. तरीहि टेक्ससमधील ऑस्टिन शहरांत गोरीं, आफ्रिकी वंशाचीं व मेक्सिकन वंशाचीं मुलें मोठ्या संख्येनें एका वर्गांत येण्यास १९७१ साल उजाडलें. आणि तीं एकत्र येतांच मारामाऱ्या सुरू झाल्या! तेव्हां अधिकाऱ्यांनीं तेथील विद्यापीठांतील मानसशास्त्राचे अध्यापक एलियट आरन्सन यांस पाचारण केलें.

आरन्सन व त्यांचे विद्यार्थी प्रथम वर्गांत बसून नुसते पाहत राहिले. शिक्षकांनीं प्रश्न विचारला कीं कांहीं हात वर जात. एकास संधि मिळे, बाकीच्यांचीं तोंडें उतरत. आणि तो चुकला कीं तेच हात पुन्हां आनंदानें वर होत. दुसऱ्याची चूक तोच आपला लाभ! (हें दृश्य पाहण्यास ऑस्टिनपर्यंत जावें लागत नाहीं, हें आमचे विद्यार्थी जाणतातच.) ज्यांच्या पूर्वीच्या शाळा निकृष्ट होत्या, ज्यांची घरची भाषा निराळी होती, त्यांनीं या शर्यतींत कसें धांवावें? तीं मुलें मुकाट्यानें बसत, आणि इतरांस तीं मठ्ठ वाटत.

आरन्सन यांनीं वर्गाचे पांच-सहा मुलांचे गट पाडले. प्रत्येक गटांत सर्व समाजांचीं मुलें. वृत्तपत्रांचे मालक जोसेफ पुलित्झर यांचें चरित्र शिकावयाचें असल्यास त्याचे तुकडे करून प्रत्येकास एकच देत. निरनिराळ्या गटांत तोच तुकडा मिळालेलीं मुलें आधीं एकत्र बसून तो पक्का करीत व मग आपापल्या गटांत परतून इतरांस शिकवीत. परीक्षा मात्र संपूर्ण चरित्राची, व ज्याची त्याची स्वतंत्र. एकानें राबावें व इतरांनीं आयते गुण घ्यावे, अशी शंका पालकांस येईल. पण येथें तशी सोय नव्हती.

एका गटांत मेक्सिकन वंशाचा एक मुलगा होता. आरन्सन यांनीं त्यास कार्लोस असें कल्पित नांव दिलें आहे. इंग्रजी बोलतांना तो अडखळे, म्हणून त्याच्या शिक्षिकेनें दयेपोटीं त्यास प्रश्न विचारणेंच सोडलें होतें. मुलांनीं त्या दयेचा अर्थ असा केला कीं, याला कांहींच येत नाहीं. पुलित्झरच्या मधल्या आयुष्याचा भाग सांगतांना तो गोंधळला, तेव्हां सोबती हंसले. देखरेख करणाऱ्या व्यक्तीनें त्यांस इतकेंच बजाविलें कीं, हंसल्यानें पुलित्झरची माहिती मिळणार नाहीं, आणि परीक्षा तर जवळ आली आहे. थोड्याच दिवसांत मुलें हंसणें सोडून नेमके प्रश्न विचारावयास शिकलीं. तशा प्रश्नांपुढें कार्लोस बोलूं लागला, व त्याला पुष्कळ समजतें असें सर्वांस दिसून आलें.

कांहीं आठवड्यांनीं या वर्गांतील मुलांस परस्परांविषयीं व शाळेविषयीं अधिक आपुलकी वाटूं लागल्याचें आढळलें. अल्पसंख्य समाजांतील मुलांचे गुण वाढले, आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहींत. पुढें इतरत्र झालेल्या सर्व प्रयोगांस सारखें यश आलें नाहीं हेंहि खरें. गट पाडून शिक्षक बाजूस झाले, तर धीट मूल पुढारी बनतें व भित्रें मूल पुन्हां गप्प बसतें.

या प्रयोगाची हकीकत १९७८ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. कांहीं वर्षांनीं आरन्सन यांस एका तरुणाचें पत्र आलें. तो त्या वर्गांत शिकलेला असून तो कार्लोस म्हणजे आपणच, अशी त्याची समजूत होती. हार्वर्ड येथें कायद्याच्या अभ्यासासाठीं प्रवेश मिळाल्याचें त्यानें त्यांत कळविलें होतें.