रात्रदृष्टी प्रकाशयोजना आणि पायी यात्रेकरूंची सुरक्षितता : पोहरादेवीच्या संदर्भात

प्रस्तावना :

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात वसलेले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वोच्च श्रद्धास्थान असून त्यास 'बंजारा समाजाची काशी' असे संबोधले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी व जगदंबा देवीचे मंदिर येथे असल्याने रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रासह तेलंगणा, कर्नाटक आदी राज्यांतून मोठ्या संख्येने भाविक येतात. त्यांपैकी अनेक जण पायी येतात. चैत्रातील विदर्भाचे ऊन पाहता पहाटे व रात्री चालणे त्यांना सोयीचे ठरते. परंतु पाडव्यानंतरच्या पहिल्या काही रात्री चंद्र लवकर मावळतो आणि नवमीचा चंद्रही मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास अस्तास जातो. त्यामुळे पहाटेची वाटचाल बव्हंशी काळोखात होते.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. या पार्श्वभूमीवर अंधारातील पादचारी वाहनचालकाच्या नजरेस आणून देणारे तंत्रज्ञान कसे कार्य करते आणि पोहरादेवीच्या वाटेवर त्याचा उपयोग कितपत होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतराचे गणित :

ताशी ८० कि.मी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दोन सेकंद गेले, तर सुमारे ४४ मीटर अंतर तेवढ्यातच संपते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजेच एकूण ८० मीटर. याउलट, दिवे डिपरवर असताना गडद कपड्यांतील माणूस पुष्कळदा ५० मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. चालक कितीही दक्ष असला तरी ही तफावत केवळ दक्षतेने भरून निघत नाही.

तंत्रज्ञानाची दोन तत्त्वे :

रात्रदृष्टी प्रणाली दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात वाहनावरील खास दिवे डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण पुढे फेकतात व कॅमेरा त्यांचे परावर्तन टिपतो. समोरच्या चालकाचे डोळे न दिपवता दूरवरचे दृश्य मिळते, हा त्याचा लाभ होय. दुसऱ्या प्रकारात वाहन कोणताही किरण सोडत नाही. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारणतः ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते व तीतून सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक उष्णता-प्रारण बाहेर पडते. ते टिपून उष्णता-प्रतिमा तयार केली जाते. साध्या काचेतून हे प्रारण आरपार जात नसल्याने या कॅमेऱ्यास जर्मेनियमसारख्या पदार्थाचे भिंग लागते व तो काचेमागे न बसविता वाहनाच्या दर्शनी भागात बसवितात.

कॅडिलॅक डेव्हिल या मोटारीत २००० सालच्या मॉडेलपासून उष्णता-प्रतिमा प्रणाली उपलब्ध झाली. २००४ साली होंडाने जपानमध्ये लेजंड मोटारीत प्रतिमेतील पादचारी आपोआप ओळखण्याची सोय दिली. तथापि पडद्यावर पाहण्यासाठी चालकास रस्त्यावरील नजर क्षणभर काढावी लागते. हा दोष दूर करण्यासाठी पुढील टप्प्यात दिवाच पादचाऱ्याकडे वळविण्यात आला. ऑडी ए-८ मध्ये २०१३ साली आलेल्या प्रकाशयोजनेत प्रणालीने ओळखलेल्या पादचाऱ्यावर ठरावीक एलईडी तीन वेळा झटपट चमकतात. त्यामुळे चालकास माणूस दिसतो आणि त्याच वेळी माणसासही वाहनाची सूचना मिळते.

स्थानिक मर्यादा :

उष्णता-प्रतिमेचा सारा भर माणूस व भोवताल यांच्या तापमानातील फरकावर असतो. थंड प्रदेशात हा फरक मोठा असतो. विदर्भात मात्र चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेले डांबर सूर्यास्तानंतरही बराच काळ उष्ण राहते. परिणामी, संध्याकाळच्या प्रहरी हा फरक घटून आकृती पुसट होण्याची शक्यता असते. पहाटे स्थिती तुलनेने अनुकूल असते. दुसरी मर्यादा आर्थिक आहे. ही प्रणाली प्रामुख्याने महागड्या मोटारींतच आढळते, तर या वाटेवर ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या, जीप व दुचाकी यांची वर्दळ असते.

आपोआप ब्रेक लावणाऱ्या प्रणालींचा अनुभवही सावध करणारा आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२२ मधील अभ्यासात अशा प्रणालीमुळे पादचाऱ्यांशी होणाऱ्या धडका २७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परंतु पथदिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर त्यांचा प्रभाव दिसून आला नाही.

तत्त्वाचे स्थानिक उपयोजन :

उपर्युक्त प्रकाशयोजनेचे मर्म असे की, काळोख्या पार्श्वभूमीवर केवळ माणूस उठून दिसावा. हे मर्म अल्प खर्चातही साधता येते. बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक वेशावरील आरसे प्रकाशात चमकतात. परंतु सपाट आरसा प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात दुसऱ्या बाजूस परतवितो. त्यामुळे त्याची चमक चालकाकडे क्वचितच व क्षणभरच येते. परावर्तक पट्टीतील सूक्ष्म काचमणी वा लोलक मात्र प्रकाश आलेल्या दिशेनेच माघारी पाठवितात. म्हणून ज्या वाहनाचे दिवे त्यावर पडतात, त्याच्याच चालकास ती पट्टी १०० मीटरहून अधिक अंतरावरून दिसू शकते.

पट्टी कोठे बांधावी, हेही महत्त्वाचे आहे. डिपरचा प्रकाश रस्त्यालगत खाली पडतो. शिवाय घोटे, गुडघे व मनगटे यांवरील पट्ट्या चालताना हलतात व ती हालचाल माणसाचीच आहे हे चालकास चटकन उमगते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालणे आणि दिंडीच्या अग्रभागी पांढरा तर शेवटी लाल दिवा ठेवणे, हे उपायही याच विचाराला पूरक आहेत.

निष्कर्ष :

वाहनातील रात्रदृष्टी हे मोलाचे तंत्रज्ञान असले, तरी त्याचे संरक्षण ते वाहन समोर येईल तेव्हाच लाभते. पट्टी मात्र मोटार, ट्रॅक्टर वा दुचाकी अशा दिवे लावलेल्या कोणत्याही वाहनासमोर उपयोगी पडते. यात्रामार्गावरील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून पाडव्यापूर्वी तांड्या-तांड्यांवर पट्ट्यांचे वाटप केले आणि अंधारात पट्टी बांधलेला व न बांधलेला विद्यार्थी उभा करून प्रात्यक्षिक दाखविले, तर भौतिकशास्त्राच्या वर्गातील प्रकाश-परावर्तनाचा पाठ यात्रेकरूंच्या जीवितरक्षणास थेट उपयोगी पडेल.