पद्मिनीचे दणके थांबवा, राव!

आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीतून हिंगोलीहून औंढा नागनाथला गेलात आणि कंबर धरून उतरलात? लगेच गाडी भंगारात काढू नका! फियाट ११००च्या घराण्यातल्या, कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, मागे पाटे. स्प्रिंग धक्का झेलते; उसळी आवरतो शॉकॲब्सॉर्बर. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी झुलतच राहिली, तर तो गेला समजा. मग खड्ड्यात चाक रस्ता सोडतं, ब्रेकही नीट लागत नाही. म्हणून पैसे आधी इथे घाला. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, सोबत चेपलेले रबरी बुशही. पाट्यांमधला गंज काढून ग्रीस लावा. जादा पाटे मात्र टाकू नका. गाडी उंच दिसेल, पण दणके वाढतील. एवढं झालं की पहिली चक्कर आजोबांना!