साठीनंतरची पुंजी : वाटणी चाळिशीतच करा



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी असे विषय मांडतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही शिवारातूनच आला आहे.

उसाचे बिल जमा झाल्यावर आमच्या गट कार्यालयात एक सभासद आले. वय 46, तीन एकर बागायत, दोन मुले. सोसायटीचे देणे भागवून दोन लाख रुपये शिल्लक राहिले होते. म्हणाले, "साहेब, हे पैसे म्हातारपणासाठी बाजूला टाकायचेत. कुठं टाकू?"

मी विचारले, "अण्णा, आतापर्यंत कुठं टाकलंत?"

"थोडं पतसंस्थेत, थोडं कारखान्याच्या ठेवीत. बाकी रान हाय की. म्हातारपणी रानच पोसंल."

हेच उत्तर मी अनेक घरांत ऐकले आहे. आम्हा नोकरदारांचा प्रॉव्हिडंट फंड पगारातून परस्पर कापला जातो. शेतकऱ्याचा असा कोणी कापत नाही, त्याने स्वतःच कापायचा असतो. म्हणून हा विचार येथे मांडतो. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, शेअर बाजाराचा पंडित नव्हे. परंतु माझेही वय पन्नाशीकडे झुकले आहे आणि हे गणित मला स्वतःसाठीही मांडावे लागले.

सगळे एकाच पिकावर नको

रान पोसते हे खरे, पण ते पाणी देणाऱ्या हातांना पोसते. तीन एकरांची उद्या दोन मुलांत वाटणी झाली की आई-बापाच्या वाट्याला काय राहील, ते ज्याने त्याने मनाशी विचारावे.

दुसरी गोष्ट अशी की रान, मुलाची कमाई आणि कारखान्याची ठेव या तिन्हींची मुळी उसातच आहेत. महाराष्ट्रात 2015-16 च्या हंगामात सुमारे 84 लाख टन साखर झाली, ती दुष्काळामुळे 2016-17 मध्ये 42 लाख टनांच्या आसपास आली. अशा वर्षी तिन्ही झरे एकदम आटतात. म्हातारपणाच्या पुंजीतला निदान काही भाग उसाशी संबंध नसलेल्या जागी हवा.

ठेवीबाबतही स्पष्ट लिहितो. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या, त्या बँकेतल्या सर्व ठेवी मिळून, व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण 4 फेब्रुवारी 2020 पासून आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतील ठेवीला किंवा कारखान्याकडील ठेवीला मात्र ते नाही. कारखाना आपलाच आहे, तरी हे माहीत असलेले बरे.

अडसाली आणि सुरू

"मग शेअरमध्ये टाकू का? आमचा मेहुणा म्हणतो लई पैसं मिळत्यात," अण्णांनी विचारले.

मी म्हटले, "तुम्ही अडसाली कुठं लावता? ज्या रानाला सोळा-अठरा महिने पाणी पुरेल तिथंच ना? वजन जास्त पडतं म्हणून पाणी नसलेल्या रानात लावत नाही."

शेअरचे तसेच आहे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांच्या वर गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात 8 हजारांच्या खाली आला. पुन्हा 21 हजारांवर यायला नोव्हेंबर 2010 उजाडला. पंचेचाळिशीतला माणूस एवढे थांबू शकतो. साठीच्या उंबऱ्यावर ज्याला पैसे काढायचेच होते, त्याचे पीक ऐन मे महिन्यात पाणी तुटल्यासारखे वाळले.

म्हणून सगळे बँकेत ठेवले की निश्चिंत, असेही नाही. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर आजचा 10 हजारांचा घरखर्च 12 वर्षांत 20 हजारांवर जातो. ठेवीची रक्कम दिसायला तेवढीच राहते, पण तिची ताकद कमी होते. तेव्हा वयाच्या मानाने दोन्ही हवे. तरुणपणी अडसाली जास्त आणि वय वाढेल तशी कमी.

हीच वाटणी राष्ट्रीय पेन्शन योजनेत आपोआप करण्याची सोय आहे. ही योजना 2009 पासून सर्व नागरिकांना खुली आहे. तिच्या मध्यम मार्गात वयाच्या 35 व्या वर्षापर्यंत शंभरातले 50 रुपये शेअरमध्ये असतात. पुढे दर वर्षी 2 रुपये कमी होतात. 46 व्या वर्षी 28 राहतात आणि 55 व्या वर्षी 10. बाकीचे सरकारी व कंपन्यांच्या रोख्यांत जातात. दरमहा भरण्याची सक्ती नाही, बिल आल्यावर एकदा भरले तरी चालते. वर्षाला किमान 1000 रुपये मात्र भरावेत. साठीपर्यंत पैसे सहजी काढता येत नाहीत, आणि रक्कम मोठी असेल तर काही भागाची मासिक पेन्शन घ्यावी लागते. हे समजूनच त्यात पडावे.

अटल पेन्शन आणि किसान मानधन या योजनांत चाळिशीनंतर प्रवेश नाही. आपल्या घरात तिशीतली मुले-सुना असतील तर त्यांची चौकशी आजच करा.

अण्णांनी काय केले

दोन लाखांचे आम्ही कागदावर तीन वाफे पाडले. 50 हजार आजारपण-अडचणीसाठी बँकेत. 50 हजार पोस्टात पीपीएफला, कारण त्याची मुदत 15 वर्षांची, म्हणजे साठी ओलांडताना रक्कम हाती येते. उरलेले एक लाख पेन्शन योजनेच्या मध्यम मार्गात. त्यांतले आज 28 हजारच शेअरमध्ये जातील. प्रत्येकाची वाटणी अशीच असावी असे नाही. ज्याच्या डोक्यावर चढ्या व्याजाचे कर्ज आहे, त्याने आधी ते फेडावे. "वर्षात दुप्पट" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

निघताना मी म्हटले, "वारस म्हणून वहिनींचं नाव लावा, आणि कागद कुठं ठेवलेत ते त्यांनाही सांगा."

अण्णा हसले. "तिलाच घेऊन येतो. हिशेब तिचाच पक्का हाय."

दुसऱ्या दिवशी दोघे आले. वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "माझ्या नावावर वेगळं खातं निघंल का?" निघते. आणि आपल्या गटातल्या प्रत्येक घरात हा प्रश्न विचारला जावा, असे मला वाटते.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी