नौली मोजणारा स्वामी

कान्हे स्टेशनातून लोणावळ्याकडे निघाले की तिसरे स्टेशन लोणावळा. तिथे ऑक्टोबर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले, सोबत ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही.

नौलीत श्वास सोडून पोटाचे उभे स्नायू आवळतात. बस्ती करताना नौली लावली की पाणी पंपाशिवाय आतड्यात चढते. का? ‘प्राणशक्ती’ म्हटले असते तरी भक्तांना पटले असते! स्वामींनी मात्र आतड्यातला दाब मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. म्हणूनच पाणी ओढले जाते. गुरूंच्या नावावरून त्यांनी याला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले.

हर्निया, अल्सर, उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी नौली करू नये. इतरांनीही ती शिक्षकासमोर, रिकाम्या पोटीच शिकावी.