बाहुलीच्या खोक्यावरची सही

सही घेण्याची हौस आपल्या मुलांना नवी नाही. सभा संपली की वही पुढे करून पोरे व्यासपीठाला गराडा घालतात. पुढारी, कवी, गायक, क्रिकेटपटू यांच्या सह्या मोठ्या अभिमानाने शेजारीपाजारी दाखवितात. परंतु खेळणे बनविणाऱ्याची सही कोणी घेतली आहे काय? खेळणे कंपनीचे, मग दुकानदाराचे, आणि एकदा घरी आले की पोरांचे! बनविणारा हात कोणाचा, हे विचारतो कोण?

अमेरिकेत मात्र हे विचारणारे पुष्कळ आहेत. बार्बी नावाची बाहुली आमच्या वाचक भगिनींना ठाऊक आहेच. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात मॅटेल कंपनीने ती प्रथम मांडली. मूळ कल्पना रूथ हँडलर या बाईंची. पुढे या बाहुल्या जमविणाऱ्या मोठ्या माणसांची अधिवेशने भरू लागली. पहिले १९८० साली न्यूयॉर्कला भरले. तेथे बाहुल्यांची खरेदी-विक्री तर चालतेच, पण त्यांचे कपडे आणि रूप ठरविणारे डिझायनर टेबलामागे बसून सह्याही देतात. लोक खोकी काखेत मारून रांगेत उभे राहतात.

या छंदाचेही एक शास्त्र आहे. सही शक्यतो बाहुलीवर न घेता खोक्यावर घ्यावी, कारण बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये शाई मुरते आणि फुटते. खोके उन्हात ठेवू नये, शाई उडून जाते. सही करताना फोटो काढावा, म्हणजे खरेपणाचा पुरावा राहतो. 'अमुकला सप्रेम' असे लिहून घेतले तर विकताना भाव उतरतो, असे धंदेवाईक सांगतात. ज्यांना विकायचेच नाही ते खुशाल आपले नाव लिहून घेतात. आणि खोके उघडायचे नाही! आमच्या घरी कोणी खेळणे आणून ते उघडू दिले नसते, तर पोरांनी घर डोक्यावर घेतले असते.

बरीच वर्षे या खोक्यांवर फक्त कंपनीचे नाव असे. कपडे कोणी बेतले, केसांची ठेवण कोणी ठरविली, याचा उल्लेख नसे. १९९२ साली कंपनीने आपल्या नोकरीतील डिझायनरांना पुढे आणणारी एक मालिका काढली. तिची पहिली बाहुली कॅरोल स्पेन्सर यांची होती. त्या १९६३ पासून कंपनीत होत्या, म्हणजे एकोणतीस वर्षे काम केल्यावर हा मान आला! याच मालिकेत १९९४ साली किटी ब्लॅक पर्किन्स यांच्या बाहुल्या आल्या. आम्हाला आज सांगायचे आहे ते या किटीबाईंबद्दल.

किटीबाई कृष्णवर्णीय. जन्म १९४८ चा, दक्षिण कॅरोलायना राज्यातील स्पार्टनबर्ग गावचा. काळ्यांसाठी वेगळी शाळा, वेगळी बाके, वेगळे नळ, असा तो काळ. वेगळ्या नळाचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या क्लॅफ्लिन या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकल्या आणि १९७६ साली मॅटेलमध्ये लागल्या.

तोवर कंपनीने काळ्या बाहुल्या काढल्याच नव्हत्या असे नाही. १९६७ साली फ्रान्सी नावाची एक काढली, पण साचा गोऱ्या बाहुलीचाच, फक्त रंग बदललेला. १९६८ साली ख्रिस्ती आली. ती बार्बीची मैत्रीण. म्हणजे काळी मुलगी बार्बीची मैत्रीण होऊ शकत होती, बार्बी होऊ शकत नव्हती! नायिकेचे नाव गोरीचे, काळीने तिच्या शेजारी उभे राहायचे. १९८० साली किटीबाईंनी बेतलेली बाहुली बाजारात आली. आखूड कुरळे केस, लाल पोशाख, सोनेरी दागिने, आणि खोक्यावर नाव 'ब्लॅक बार्बी'. पोशाख बेतताना त्यांच्या डोळ्यांसमोर गायिका डायना रॉस होती.

एका बाहुलीचे एवढे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. त्यांनी केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याचे संशोधन आठवावे. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथेच या दोघांनी डॉक्टरेट मिळविली. १९४० च्या दशकात त्यांनी काळ्या मुलांपुढे दोन गोऱ्या आणि दोन काळ्या बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर चारही सारख्या. चांगली कोणती, असे विचारले तर बहुसंख्य मुलांनी गोरीकडे बोट दाखविले. 'तुझ्यासारखी कोणती?' या प्रश्नाला काही लेकरे रडू लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांचा हवाला होता. आपल्या बाजारातल्या बाहुल्यांचा रंग कोणता, हे भगिनींनीच एकदा पाहावे.

किटीबाई २००३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्टेसी मॅकब्राइड-अर्बी यांनी २००९ साली कृष्णवर्णीय बाहुल्यांची 'सो इन स्टाइल' ही मालिका काढली. १९८० च्या त्या बाहुलीच्या खोक्यावर किटीबाईंचे नाव छापलेले नाही. म्हणून संग्राहक त्यावर त्यांची सही घेतात, तेव्हा ती नुसती आठवण राहत नाही. कंपनीने मोकळी सोडलेली जागा त्या स्वतःच्या हाताने भरून काढतात. बाहुली तीच, खोके तेच, पण आता तिला आई आहे.

तरीही एवढ्याने आमचे समाधान होत नाही. बार्बीचे सुरुवातीचे कपडे जपानमध्ये शिवले जात, त्यातले बरेचसे बायका घरी बसून शिवत. बोटभर बाहीला काजे करणे म्हणजे काय, हे शिवणकाम करणाऱ्या भगिनींना विचारावे. त्यांची नावे संग्राहकांच्या कोणत्याच यादीत नाहीत.

आणि ब्यूला मे मिचेल? १९५५ साली, म्हणजे बार्बीच्या जन्माआधी, ही कृष्णवर्णीय बाई मॅटेलच्या कारखान्यात कामगार म्हणून लागली. रूथ हँडलर कामगारांत मिसळत, त्यांना विचारीत. तेव्हा ब्यूला मे आणि तिच्या सोबतिणींनी त्यांना सांगितले, आमच्यासारखी काळी बार्बी काढा. पुढे त्या कचेरीत स्वागतिका झाल्या आणि १९९९ पर्यंत नोकरी केली. त्यांची भाची लॅग्वेरिया डेव्हिस हिने २०२३ साली 'ब्लॅक बार्बी' हा माहितीपट काढला, त्यात ब्यूला मे, किटीबाई आणि स्टेसी या तिघीही बोलतात. मागणी करणारी एक, घडविणारी दुसरी, वारसा चालविणारी तिसरी.

संग्राहक डिझायनरांच्या सह्या घेतात. मागणी करणाऱ्या कामगार बाईची सही घेण्याची रीत त्यांच्यात नाही. आमच्या हाती ते १९८० चे खोके असते, तर आम्ही किटीबाईंच्या सहीशेजारी ब्यूला मे यांच्यासाठी जागा राखून ठेवली असती.