ब्रेकचा लाल दिवा आणि न धरणारा हँडब्रेक : मासळीच्या गाडीवाल्यांनी एवढं वाचाच



आज होडी-जाळ्याचं नाही, गाडीचं लिहितोय. आपण रात्रभर पाण्यावर राबतो, पण मासळी वेळेत बाजारात पोचली तरच तिचे पैसे होतात. दुधनीहून खानवेलमार्गे सिल्वासा म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, वाटेत चढ-उतार आणि वळणं. पुढे वापीची गर्दी. बर्फ आणि मासळी भरलेली डिझेल गाडी या रस्त्यावर चालवायची तर इंजिनाआधी ब्रेक बघायला हवा. पण आपण इंजिनाचं ऑइल बघतो, टायर बघतो, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र "असतो तसा" म्हणून सोडून देतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मधुबन धरणाचं पाणी खाली गेलं की काठ उतरत जातो आणि आपणही गाडी उतारावरून पाण्याजवळ नेतो. त्या दिवशी गाडीचं तोंड वर, पाठ पाण्याकडे. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल ठेवला आणि चहाला गेला. मागे माझा पुतण्या आणि आणखी एक सभासद क्रेट चढवत होते. वजन वाढत गेलं तशी गाडी हळूच मागे सरकायला लागली. कोणीतरी ओरडलं म्हणून दोघांनी बाजूला उड्या टाकल्या. गाडी पाच-सहा हात मागे जाऊन एका दगडाला अडली. चार क्रेट चिरडले. क्रेटच्या जागी माणूस असता, एवढाच फरक होता.

गाडीत चढून बघितलं तर ब्रेकच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी. दिवा महिनाभर पेटत होता, रात्री डोळ्यांना त्रास होतो म्हणून ड्रायव्हरने झाकला. मी स्वतः त्याआधी दोनदा त्या गाडीत बसलो होतो. पट्टी दिसली होती, विचारलं नाही. म्हणून दोष एकट्या ड्रायव्हरचा म्हणणार नाही.

नेमकं झालं काय होतं?

आधी एका गॅरेजवाल्याने हँडब्रेकच्या दांड्याखालचा स्विच बदलून दिला होता. दिवा गेला नाही. मग ड्रायव्हरने ब्रेक ऑइल भरलं, दिवा गेला. आठ दिवसांनी परत आला. परत भरलं, परत आला. शेवटी पट्टी!

उतारावरच्या प्रकारानंतर दुसऱ्या मिस्त्रीने मागचे दोन्ही ड्रम उघडले. डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर गळत होता. ऑइल कमी होतं म्हणून दिवा पेटत होता, आणि तेच गळलेलं ऑइल लायनरवर बसल्याने लायनर घसरत होता. आपल्या गाडीत हँडब्रेक मागच्या त्याच लायनरवर चालतो, म्हणून डावी बाजू गेली. उजव्या बाजूची केबल गंजून नळीत अडकली होती, दांडा कितीही ओढा, चाकापर्यंत ओढ पोचतच नव्हती. म्हणजे दिवा खरं सांगत होता, आपण त्याचं तोंड बंद केलं.

दिवा पेटला तर क्रमाने बघा

बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांत हा एकच लाल दिवा दोन कामं करतो : हँडब्रेक ओढलेला आहे, किंवा ब्रेक ऑइल कमी आहे. म्हणून आधी कोणतं ते शोधायचं.

१. गाडी सपाट जागी, चाकाला दगड लावून उभी करा. दांडा पूर्ण खाली करा. मग हाताने दांडा अजून थोडा खाली दाबून बघा. दिवा लुकलुकला किंवा गेला तर दांड्याचा स्विच सरकलाय, नाहीतर केबल परत येत नाही.

२. ब्रेक ऑइलची टाकी बघा. खालच्या रेषेजवळ असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकतो, नंतर कायमचा पेटतो. लायनर-पॅड झिजले की ऑइल हळूहळू खाली जातं, त्यात नवल नाही. पण भरल्यावर काही दिवसांत परत कमी झालं तर गळती आहेच. चारही चाकांच्या आतली बाजू, पाइप आणि पेडलजवळची जागा ओली आहे का बघा.

३. ऑइल पूर्ण आहे तरी दिवा जात नाही? टाकीच्या सेन्सरचा प्लग काढून बघा, मग दांड्याच्या स्विचचा. ज्याचा प्लग काढल्यावर दिवा जातो, दोष तिथे. हे फक्त तपासणीपुरतं. प्लग काढून गाडी चालवायची नाही, ती पट्टीचीच दुसरी तऱ्हा.

४. बॅटरीचा दिवाही सोबत पेटला तर बेल्ट बघा. कित्येक डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरबरोबर फिरतो. बेल्ट गेला की पेडल दगडासारखं कडक होतं. अशी गाडी पुढे रेटू नका.

५. एबीएसचा दिवा पिवळा असतो, तो वेगळा. तो एकटा पेटला तर साधा ब्रेक बहुतेक लागतो, पण मिस्त्रीला दाखवा. लाल आणि पिवळा दोन्ही पेटले तर गाडी जागेवर थांबवा.

ऑइल भरताना टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलंय ते वाचा आणि तेच घाला. इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकूनही जाऊ देऊ नका, आतले रबर फुगून सगळा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून अर्धवट उघडा डबा पावसाळाभर ठेवून वापरू नका.

हँडब्रेक धरत नाही, किंवा सुटत नाही

दांडा फार वर येत असेल तर आपण सरळ केबल ताणतो. ही उलटी रीत झाली. आधी मागच्या ड्रममधलं लायनरचं सेटिंग, मग केबल. नुसती केबल ताणली तर लायनर ड्रमला घासत राहतो.

सुटत नसेल तर गाडी जड ओढते, डिझेल जास्त खाते, आणि पाच-दहा किलोमीटरने एका चाकातून जळका वास येतो. थांबल्यावर हात ड्रमजवळ न्या, लावू नका. एका बाजूची धग जास्त वाटली तर त्या बाजूची केबल अडकली आहे. गंजलेल्या केबलला ऑइल पाजून चार दिवस काम भागतं, पण बदलणंच बरं. लायनरवर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस बसलं असेल तर घासून, पुसून पुन्हा वापरू नका, दोन्ही बाजूंचे लायनर बदला.

बर्फाचं पाणी

हा आपल्याच धंद्यातला दोष. पेटीचं भोक नेमकं मागच्या चाकावर असतं. बर्फ वितळून मासळीचं पाणी दिवसभर ड्रमवर, केबलवर आणि वायरच्या जोडांवर ठिबकतं. दमणची समुद्राची मासळी भरणाऱ्यांचं तर खारं पाणी. आमच्या गाडीची केबल अशीच गंजली. आता भोकाला रबरी नळी लावून पाणी चाकापासून लांब सोडलंय. खाली करून झाल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा.

एअर ब्रेकचा मोठा ट्रक असेल तर

इथे हिशेब उलटा आहे. हँडब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. हवा कमी झाली की दिवा आणि बझर सुरू होतात, आणखी कमी झाली की चाकं आपोआप धरतात. म्हणून सकाळी काटा पुरेसा वर येऊन बझर थांबल्याशिवाय गाडी हलवू नका. इंजिन बंद केल्यावर काटा भराभर पडत असेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. टाकीतलं पाणी रोज सोडा, पावसाळ्यात तर नक्की. आणि स्प्रिंगचा चेंबर स्वतः कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. हे काम जाणकार मिस्त्रीचंच.

उतारावर उभी करताना

हँडब्रेक म्हणजे गाडीचा नांगर. पण वारा असला की आपण एका नांगरावर विसंबतो का? दोरही बांधतोच ना? तसंच इथे. इंजिन बंद, हँडब्रेक, आणि गिअर : तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. मग चाकाला लाकडी ठोकळा. ठोकळा लागल्याशिवाय गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसारही सार्वजनिक जागी ड्रायव्हर सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा.

दर्यावरचे आपले भाऊ पावसाळी बंदीत होड्या वर काढून दुरुस्त करतात. त्याच दिवसांत गाडीचेही मागचे ड्रम एकदा उघडून बघा. आमचं काम अर्ध्या दिवसात झालं. तेवढ्याशा कामासाठी आम्ही महिनाभर दोन माणसांचा जीव टांगणीला लावला होता.

आज घरी गाडी आली की डॅशबोर्ड बघा. कुठे पट्टी दिसली तर आधी ती काढा, मग गाडी काढा.

आपला,
सचिव